कुंड्या भरायला लाकडी ओटा : दुसऱ्यांदा करतेय, यावेळी पाय कुजू द्यायचे नाहीत

गोकर्ण | ९ मार्च, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो, वर गच्ची आमचीच. साठ-पासष्ट कुंड्या आहेत. माती कालवणं, कुंड्या भरणं, रोपं हलवणं हे सगळं आजवर खाली बसकण मारून चालायचं. आता आईचे गुडघे बसू देत नाहीत आणि खरं सांगायचं तर माझीही कंबर तासाभरानं बोलायला लागते. म्हणून उभ्यानं काम करता येईल असा लाकडी ओटा करायचाय.

यातलं "दुसऱ्यांदा" महत्त्वाचं. २०२१ साली मोठ्या हौसेनं पॅकिंगच्या पॅलेटचा एक केला होता. पाइनचं लाकूड, वर साधं कमर्शियल प्लाय, त्यावर ऑइलपेंटचे दोन हात. पहिला पावसाळा निघाला. दुसऱ्या पावसाळ्यात प्लायची पानं वहीसारखी सुटली. गणपतीच्या सुमारास एका पायाच्या बुडाशी चक्क अळंबी उगवलेली दिसली. बोटानं दाबलं तर खालचे तीन-चार इंच लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं आत गेलं. वरचं लाकूड मात्र ठणठणीत होतं.

आता वखारीतून जुन्या सागवानी चौकटी मिळतायत, ५ बाय अडीच इंचाच्या. घेऊ का? उंची किती ठेवू? मी ५ फूट ६, आई ४ फूट ११. मनातला आराखडा: लांबी साडेचार फूट, रुंदी २२ इंच, उंची ३४, खाली एक फळी आणि खुरप्या-सुतळ्या-बियांसाठी एक खण. हत्यारं म्हणाल तर ड्रिल, हातकरवत, रंधा, पटाशी, गुण्या आणि भरपूर उत्साह.

---

शेवंता | ९ मार्च, १०:४१

अळंबी कुठली होती? खाण्यातली असेल तर ओटा यशस्वी झाला म्हणायचं. 😀

---

कडप्पाप्रेमी | ९ मार्च, ११:०५

लाकूड कशाला हवंय उघड्या गच्चीवर? लोखंडी अँगलचा सांगाडा, वर कडप्पा. आमच्याकडे धुणं धुवायला तसाच आहे, वीस वर्षं हललेला नाही.

---

गोकर्ण | ९ मार्च, ११:१८

@कडप्पाप्रेमी, "हललेला नाही" हीच अडचण आहे हो. साडेचार बाय दोन फुटांचा पाऊण इंची कडप्पा म्हणजे चाळीस किलोच्या घरात. दर काही वर्षांनी वॉटरप्रूफिंगवाले येतात तेव्हा सगळी गच्ची रिकामी करून द्यावी लागते. शिवाय एप्रिलमधे दुपारी त्यावर हात ठेवून बघा. आणि मातीची कुंडी हातातून निसटून कडप्प्यावर पडली की विषयच संपला, लाकडावर निदान वाचायची आशा असते.

@शेवंता, चव घ्यायची हिंमत झाली नाही.

---

अर्धा_सुतार | १० मार्च, सकाळी ७:५०

चौकटी घ्या, डोळे झाकून घ्या. म्हणजे डोळे उघडे ठेवूनच, पण घ्या. जुनं सागवान मुरलेलं असतं, आता वाकायचं-पिळायचं काही राहिलेलं नसतं. घेताना कापलेल्या तोंडाकडून बघा. मधला तपकिरी गाभा टिकतो, कडेची पिवळट-पांढरी पट्टी टिकत नाही. सागातलं तेल असतं ते गाभ्यात. "सागवान होतं तरी कुजलं" असं सांगणाऱ्या निम्म्या लोकांच्या नशिबी ती पांढरी बाजू आलेली असते.

आता उंचीबद्दल. स्वैपाकघरातल्या ओट्याचं माप इथे लावू नका. तिकडे आपण पोळपाटावर काम करतो, तो दोन इंच उंच. इथे तुमचे हात ओट्यावर नसतातच, ते कुंडीच्या काठावर असतात. १२ इंची कुंडी ३४ इंचांच्या ओट्यावर ठेवली की काठ गेला ४६ वर. ५ फूट ६ उंचीच्या माणसाचं कोपर साधारण ४१-४२ इंचांवर असतं. म्हणजे खांदे वर उचलून माती भरावी लागणार. आईंचं तर विचारूच नका, त्यांचं कोपर ३७ च्या आसपास, कुंडी त्यांच्या हनुवटीला विचारपूस करेल.

आज एक करा. जेवणाच्या टेबलावर एक रिकामी मोठी कुंडी ठेवा, पायात गच्चीवरच्या चपला घाला आणि पाच मिनिटं माती भरायचं नाटक करा. मग माप ठरवा.

---

गोकर्ण | १० मार्च, रात्री ९:३०

केलं नाटक. घरचे करमणूक झाली म्हणाले. तुमचं शंभर टक्के खरं आहे. आमचं जेवणाचं टेबल ३० इंची, त्यावर १२ इंची कुंडी ठेवून आई म्हणाली, "हे म्हणजे शिंक्यातलं लोणी काढणं झालं." बियांचे ट्रे आणि लहान पिशव्यांसाठी मात्र तेच टेबल तिला बुटकं वाटलं, वाकावं लागत होतं.

मग एकच उंची कशी ठरवायची? मी उंच करून तिला पाटावर उभं करू?

---

अर्धा_सुतार | १० मार्च, १०:०२

ओल्या गच्चीवर, सत्तरीच्या बाईला, पाटावर? नाही. ते तेवढं डोक्यातून काढून टाका.

दोन उंच्या करा. साडेचार फुटांपैकी डावीकडचे तीन फूट ३२ इंचांवर, ट्रे आणि बारीक कामासाठी. उजवीकडचा दीड फूट ८ इंचांनी खाली, २४ वर. मोठी कुंडी त्या पायरीवर ठेवायची. वर कालवलेली माती हातानं सरकवली की थेट कुंडीत पडते. तुम्ही डावऱ्या असाल तर उलट करा. ३२ हे आईंच्या मापानं आहे, तुम्हाला थोडं बुटकं पडेल. तुमची कंबर अजून वाकते, वाकवा.

---

मावळतीची_गच्ची | ११ मार्च, दुपारी १:१५

आमच्या ओट्यात एक करामत आहे ती सांगते. वरच्या पट्ट्यांत गोल कापून घमेलं बसवलंय. घमेल्याचा काठ पट्ट्यांवर टेकतो, पोट खाली लोंबतं. माती, शेणखत, कोकोपीट, निंबोळी पेंड सगळं त्यातच कालवायचं. माती उडत नाही, कालवताना हात ओट्याच्या पातळीखाली जातात म्हणून खांदे भरून येत नाहीत आणि काम झालं की घमेलं उचलून बाजूला.

कापायचं माप: घमेल्याच्या काठाचा बाहेरचा व्यास घेऊ नका, नाहीतर ते आरपार खाली जाईल. माझं गेलं होतं, पायावर. काठाखाली जिथे पोट सुरू होतं तिथे सुतळी गुंडाळून परीघ मोजा, त्याला ३.१४ ने भागा आणि आलेल्या व्यासात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढवा, तेवढंच. कापलेल्या पट्ट्यांची टोकं अधांतरी राहतात, त्यांच्याखाली आडव्या दोन पट्ट्या आधीच मारून ठेवा, मग कापा.

---

वाचणारा_माळी | ११ मार्च, २:००

घमेल्याची आयडिया जबरी! +१

---

कोकण्या | ११ मार्च, रात्री ८:४५

आमच्याकडे असली कामं किंजळ नाहीतर फणसाच्या लाकडात होतात. फणसाचं लाकूड पिवळं धम्मक, पुढे तांबूस होत जातं, आणि त्याच्या वाटेला वाळवी सहसा जात नाही. पण "घरचं झाड आहे, तोडून टाकू" असं कुणी मनात आणत असेल तर आधी परवानगी बघा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा सगळे आहेत, झाड स्वतःच्या परसातलं असलं तरी.

लाकडाला लावायला काजूच्या टरफलाचं तेल. होड्यांना लावतात तेच. पाणी शिवत नाही.

---

शेवंता | ११ मार्च, ९:१०

@कोकण्या ते तेल हातावर उततं ना?

---

कोकण्या | ११ मार्च, ९:२२

बिब्ब्यासारखंच उततं. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आंबाही त्यातलाच, चीक सगळ्यांचाच कमी-जास्त जहाल. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि लावलेलं पूर्ण वाळेपर्यंत ओट्याला हात नाही. आमच्या काकांनी उघड्या हातानं दार माखलं आणि आठ दिवस आजीच्या हातून जेवले.

---

गोकर्ण | ११ मार्च, ९:४०

मग ते नको. आईचे हात त्याच ओट्यावर असणार. जवसाचं तेल चालेल का? एक जण गाडीचं जुनं काळं ऑइल सुचवतोय, फुकट देतो म्हणाला.

---

अर्धा_सुतार | ११ मार्च, १०:३०

काळं ऑइल शेताच्या कुंपणाच्या डांबांना लोक लावतात. पण ज्या फळीवर पालक-मेथीची माती पसरणार तिथे इंजिनातलं धातूंचं आणि जळक्या तेलाचं काजळ कशाला? फुकट ते पौष्टिक, पण हे नव्हे.

जवसाचं चालेल. कच्चं नको, ते वाळता वाळत नाही. रंगाच्या दुकानात बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, मागा. पातळ हात द्या, अर्ध्या तासानं कापडानं जास्तीचं पुसून काढा, दोन-तीन दिवसांनी पुढचा हात. असे तीन-चार. एप्रिलच्या उन्हातच उरका. दमट हवेत लावलं तर वर काळी बुरशी धरते आणि मग तेलाला शिव्या बसतात.

आणि हे ठळक अक्षरात: तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. काडी लागत नाही. दोरीवर एकेरी पसरून वाळवा, मग टाका.

---

मिशिगनची_माई | १२ मार्च, पहाटे ४:१०

इथे मी गेल्या वर्षी सीडर नावाच्या लाकडाचा केला. दुकानात औषध मारलेलं पाइनही मिळतं. पण जुनं हिरवट लाकूड कुणी फुकट देत असेल तर घेऊ नका. २००३ च्या अखेरीपर्यंत घरगुती लाकडात आर्सेनिकवालं औषध असायचं, नंतर ते बंद झालं. बाकी इकडची मुख्य गंमत म्हणजे "टू बाय फोर" म्हणून घेतलेलं लाकूड घरी मोजलं की दीड बाय साडेतीन भरतं. पहिल्यांदा मी दुकानात परत भांडायला गेले होते.

---

पॅलेट_पंडित | १२ मार्च, सकाळी ११:००

पाइनला उगाच बदनाम करू नका. पॅलेटवर शिक्का असतो तो वाचायचा. गव्हाच्या ओंबीसारखं चित्र आणि शेजारी अक्षरं. एचटी म्हणजे उष्णता देऊन किडे मारलेले, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते बागेत नको. गोकर्णताईंचा ओटा पाइनमुळे नाही, उभ्या पाण्यामुळे गेला. सागवानाचे पायही तसेच ठेवलेत तर तेही जातील, फक्त उशिरा.

---

गोकर्ण | १२ मार्च, ११:२५

अगदी हाच माझा मूळ प्रश्न होता, घमेल्याच्या नादात मागे पडला. गच्चीला चायना मोझॅक आहे, उतार मोरीकडे. पावसात पाण्याचा पातळ थर सतत वाहत असतो. पाय त्यात उभे. काय करू?

---

वाडा_चिरेबंदी_नव्हे | १२ मार्च, दुपारी ३:४०

जुन्या वाड्यात लाकडी खांब कधी जमिनीवर उभा केलेला बघितलाय? खाली दगडी तळखडा असतो. सारवण असो, अंगणातलं पाणी असो, ओल तळखड्यापर्यंत येते आणि तिथेच थांबते. आमच्या गावच्या ओसरीचे खांब शंभरी गाठतील, बुडाला कीड नाही. पूर्वजांनी उत्तर देऊन ठेवलंय, आपण फक्त चायना मोझॅकवर विसरलो.

प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचे ४-५ इंचांचे दोन तुकडे एकावर एक. वखारीच्या आसपास फुकटात मिळतील.

---

अर्धा_सुतार | १२ मार्च, ४:३०

वा, तळखडा! यात फक्त एक भर. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. आडव्या अंगानं पाणी हळू शिरतं, पण कापलेल्या तोंडाकडून नळ्या उघड्या असतात, ते पाणी शोषूनच घेतात. पायाचं बूड म्हणजे नेमकं ते तोंड. म्हणून पाय उलटे करून बुडाला इपॉक्सी चोपडा, आत जिरेल तेवढं, परत एकदा चोपडा. पट्ट्यांची कापलेली टोकंही तशीच बंद करा. तळखड्यावर पाय नुसता टेकवा, सिमेंटनं चिकटवू नका. खाली वारा खेळला पाहिजे.

उतारासाठी: चारही पाय एकाच मापाचे कापा. साडेचार फुटांत अर्धा-पाऊण इंच फरक निघेल, तो फरशीच्या कपच्या सारून काढा. पाय तासत बसलात तर डुगडुगणाऱ्या स्टुलासारखं होतं, आज हा कमी, उद्या तो कमी, शेवटी पाट उरतो.

स्क्रू स्टेनलेसचेच. ते काळे जिप्समवाले स्क्रू स्वस्त म्हणून घेऊ नका, झटक्यात डोकं तुटतं आणि दोन पावसात गंजतात. लोखंडाशेजारी सागवानही काळं पडतं. आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग ८ नंबरचा स्क्रू, नाहीतर पट्टीचं टोक फाटलंच समजा. वरच्या पट्ट्यांत दोन-दोन सूत फट ठेवा. आणि एक राहिलं: खण करू नका.

---

गोकर्ण | १२ मार्च, ५:००

सगळं मान्य. पण खण हवाच आहे मला.

---

अर्धा_सुतार | १२ मार्च, ५:०४

बरं.

---

गोकर्ण | २१ एप्रिल, रात्री ११:१०

ताजी खबर. ओटा उभा राहिला!!

चौकटी घेतल्या पण सॉ मिलवाला चिरून देईना. जुन्या लाकडात खिळे असतात, पातं जातं म्हणाला. बिघडलेल्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून प्रत्येक चौकटीवरून फिरवलं. जिथे ओढलं जाईल तिथे खडूची खूण. एकूण सतरा खिळे निघाले, दोन तर रंगाच्या थराखाली डोकं मोडलेले. त्यानंतर तो तयार झाला. अठरावा खिळा मला माझ्या रंध्याच्या पात्यानं दाखवला.

पण रंगाचे थर निघून खालचा गाभा उघडा पडला तेव्हा जो वास आला ना, ओल्या चामड्यासारखा, थोडा मिरीसारखा! इतकी वर्षं कुणाच्या तरी दारात बंद होता. चौकटीच्या एका बाजूला बिजागरीची खाच आणि हळदकुंकवाचा डाग होता. तो तुकडा मी मुद्दाम पुढच्या आडव्या पट्टीत घेतला, डागासकट.

पाय आणि आडव्या पट्ट्या अर्ध्या-अर्ध्या खाचा मारून एकमेकींत बसवल्या. पहिला सांधा करायला दोन तास लागले आणि तो सैल झाला, आत पाचर मारलीय. चौथा पंचवीस मिनिटांत, घट्ट. पाहुण्यांना चौथाच दाखवते. घमेलं बसलंय, पायावर न पडता. बेलतेलाचे चार हात झाले, फडकी दोरीवर सुकली.

सोसायटीतून एक काका येऊन विचारून गेले, "शेड टाकताय का?"

---

मावळतीची_गच्ची | २२ एप्रिल, सकाळी ८:००

अभिनंदन! फोटो?? फोटोशिवाय धागा पूर्ण धरला जाणार नाही.

---

फ्लॅटमधला_वड | २२ एप्रिल, १०:१५

आमच्याकडे गच्ची नाही, चार फुटी बाल्कनी आहे. काही सोय?

---

पॅलेट_पंडित | २२ एप्रिल, १०:४०

दुमडती फळी. ३० बाय १४ इंच, भिंतीला बिजागऱ्या, पुढून दोन साखळ्या. काम झालं की खाली पाडून ठेवायची. बिजागऱ्या विटेत जातील असा भरवशाचा फास्टनर घ्या, गिलाव्यात नुसता गट्टू ठोकलात तर पहिल्याच ओल्या कुंडीला भिंतीचा पोपडा हातात येईल. मोठ्या कुंड्या त्यावर नकोच, ओल्या मातीची १२ इंची कुंडी पंधरा-वीस किलोला सहज जाते.

---

गोकर्ण | १४ जुलै, रात्री ९:००

पावसाचा महिना झाला, म्हणून हिशोब द्यायला आले.

पाय: कोरडे. तळखड्यांमधून पाणी वाहत जातं, लाकडाला लागत नाही. रोज सकाळी वाकून बघते, आता सवयच लागलीय.

घमेलं: एक चूक कळली. रात्रभर पाऊस झाला की त्यात पाणी साचतं आणि चार दिवसांत डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. आता काम झालं की उपडं घालते.

पायरी: आईला फार आवडली. मोठ्या कुंड्यांसाठी केली होती, ती त्यावर बसून उरलेल्या ओट्यावर मिरच्यांची देठं काढते. बसायची उंची बरोबर आहे म्हणे.

खण: ... फुगलाय. हलत नाही. आत दोडका, काकडी आणि भेंडीचं सगळं बी आहे आणि पेरणीची वेळ निघून चाललीय. @अर्धा_सुतार, बोला. मी ऐकून घेते.

---

अर्धा_सुतार | १४ जुलै, ९:१७

मी काही बोलणार नाही.

ओढू नका, मूठ हातात येईल. आत्ता रंधाही मारू नका, दिवाळीनंतर लाकूड सुकलं की तोच खण खडखडायला लागेल. खणाच्या मागच्या बाजूला ओट्याची जी फळी आहे, ती स्क्रूनं लावलीय की चिकटवलीय?

---

गोकर्ण | १४ जुलै, ९:२०

चार स्क्रू.

---

अर्धा_सुतार | १४ जुलै, ९:२४

मग ती काढा, मागून हात घाला, बी बाहेर. कोरडा पडला की कडांना आणि खालच्या पट्ट्यांना मेणबत्ती घासा आणि पुढच्या मे महिन्यात दोन्ही बाजूंनी एकेक सूत कमी करा. तोवर बी डब्यात, घरात.

---

गोकर्ण | १५ जुलै, सकाळी ७:३५

निघालं. दोडका कोरडा आहे, भेंडीच्या पुडीला बुरशी लागली, ती गेली. आणि सोबत आतून माझी पटाशी निघाली, एप्रिलपासून मी ती घरभर शोधत होते आणि आईवर संशय घेत होते.

---

शेवंता | १५ जुलै, ७:५०

आईची माफी मागितलीत का?

---

गोकर्ण | १५ जुलै, ८:०२

मिरच्यांची देठं काढायला बसवलंय मला.